पाठराखीण कंटेनर: मुख्य ॲपसोबत साइडकार चालवताना

कुबरनेटीसवर, म्हणजे कंटेनरमध्ये बांधलेली ॲप चालवणाऱ्या प्रणालीवर, रात्री दोनला चालणारा एक जॉब होता. दिवसभराचे व्यवहार डेटाबेसमधून वाचायचे, हिशोबाचा अहवाल बनवायचा, मेल करायचा आणि बंद व्हायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या पॉडमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटात, कंटेनर दोन: एक अहवाल बनवणारा, दुसरा डेटाबेसपर्यंत सुरक्षित वाट काढून देणारा प्रॉक्सी. पहिल्या रात्रीचा अहवाल बिनचूक आला. दुसऱ्या रात्रीचा आलाच नाही, तिसऱ्या रात्रीचाही नाही. सकाळी पॉडची यादी काढली तर पहिल्या रात्रीचा पॉड अजून तिथेच. 'रेडी'च्या रकान्यात १/२, 'स्टेटस'मध्ये नॉटरेडी. एरर कुठेही नाही.

अहवाल बनवणारा कंटेनर बारा मिनिटांत काम उरकून केव्हाच थांबला होता. प्रॉक्सीला ते कळायला काही मार्गच नव्हता. तो नव्या जोडणीची वाट बघत बसला होता. तो चालू आहे तोवर कुबरनेटीसच्या लेखी जॉब संपलेला नाही. आणि ठरल्या वेळी जॉब सुरू करणाऱ्या क्रॉनजॉबला आम्हीच सांगून ठेवलं होतं की आधीचा संपल्याशिवाय पुढचा सुरू करू नको. त्यामुळे पुढच्या रात्री काहीच सुरू झालं नाही.

मुख्य ॲपशेजारी मदतनीस प्रोसेस चालवणं शिकताना सगळ्यांचं लक्ष याम्ल फाइलीवर, म्हणजे काय कसं चालवायचं ते लिहिलेल्या कॉन्फिगरेशनवर, असतं. फाइल दहा-पंधरा ओळींची आहे, ती जमते. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: दोघांपैकी आधी कोण उठणार आणि शेवटी कोण झोपणार, हे कोणी ठरवलेलंच नसतं. आपल्याकडे नवरीबरोबर सासरी पाठराखीण जायची. परक्या घरात पहिलं पाऊल टाकताना शेजारी ओळखीचं माणूस हवं, म्हणून. साइडकार कंटेनर ही ॲपची पाठराखीण आहे. ॲप दारात यायच्या आधी ती तयार हवी आणि ॲप घरात असेपर्यंत ती हलता कामा नये. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

आधी ठरवा: साइडकार हवाच का?

बऱ्याचदा नको असतो. लॉग गोळा करायला साइडकार लावायची अनेकांना सवय असते, पण तुमचं ॲप लॉग स्टँडर्ड आउटपुटवर टाकत असेल तर ते नोडवर, म्हणजे पॉड चालतो त्या मशिनवर, आपोआप जमा होतात आणि प्रत्येक नोडवर एकेक चालणारा एजंट, म्हणजे डेमनसेट, ते उचलून नेतो. पन्नास पॉड असतील तर साइडकारही पन्नास होतात. प्रत्येकी ६४ एमबी धरले तरी ३,२०० एमबी नुसत्या लॉगसाठी गेले. साइडकार तेव्हा घ्या जेव्हा ॲप जुनं आहे, ते फक्त फाइलीत लिहितं आणि त्याचा कोड बदलणं तुमच्या हातात नाही.

एक साधी कसोटी सांगतो. मदतनीस दुसऱ्या मशिनवर हलवला तर काही बिघडेल का? बिघडत नसेल तर तो वेगळं डिप्लॉयमेंट म्हणून, स्वतःच्या पॉडमध्ये चालवा. कॅश म्हणून रेडिस साइडकारमध्ये घालणारे मी पाहिले आहेत. मग तीन पॉडच्या तीन वेगळ्या कॅश होतात आणि एकच वापरकर्ता रिफ्रेश करताना आलटूनपालटून जुना-नवा डेटा बघतो. डेटाबेस प्रॉक्सी, एन्व्हॉयसारखा नेटवर्क प्रॉक्सी, व्हॉल्टमधून गुपितं आणून फाइलीत ठेवणारा एजंट, गिटमधून कॉन्फिगरेशन ओढणारा छोटा प्रोग्राम यांचं मात्र ॲपच्या अगदी शेजारी असणंच कामाचं असतं.

दुसरी पळवाट म्हणजे एकाच कंटेनरमध्ये दोन्ही प्रोसेस कोंबणं. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये मदतनीस पार्श्वभूमीला सोडायचा आणि खाली ॲप सुरू करायचं. मदतनीस मेला तर कुबरनेटीसला पत्ता लागत नाही, कारण त्याचं लक्ष फक्त पहिल्या प्रोसेसवर असतं. बंद व्हायचा सिग्नलसुद्धा त्या शेल स्क्रिप्टपाशीच अडतो. हे नवशिक्यांनी करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एका छपराखाली काय सामाईक असतं

पॉड म्हणजे एक बिऱ्हाड समजा. त्यातल्या सगळ्या कंटेनरचा नेटवर्क पत्ता एकच असतो, म्हणून ॲप प्रॉक्सीशी लोकलहोस्टवरून बोलू शकतं. त्याच कारणाने दोघांना एकच पोर्ट घेता येत नाही. दोघेही ८०८० वर बसायला गेले की दुसरा पडतो. फाइलींचं तसं नाही. प्रत्येकाची फाइल सिस्टिम वेगळी असते, आणि वाटून घ्यायचं फोल्डर मुद्दाम द्यावं लागतं: एम्प्टीडिर नावाचं व्हॉल्यूम बनवायचं आणि दोन्ही कंटेनरमध्ये माउंट करायचं. ते पॉडबरोबर जन्मतं आणि पॉडबरोबर जातं. त्याला आकाराची मर्यादा जरूर घाला, नाहीतर वाढत जाणारी एखादी लॉग फाइल अख्ख्या नोडची डिस्क खाते.

फाइल लिहू या

पोस्टग्रेस डेटाबेस गूगलच्या क्लाउड एसक्यूएल सेवेवर आहे आणि प्रॉक्सी म्हणून त्यांचाच क्लाउड एसक्यूएल ऑथ प्रॉक्सी घेतला आहे असं धरून वरचाच अहवालाचा जॉब नीट लिहू. फील्डची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देतोय. फाइलीत ती मूळ स्पेलिंगमध्येच टाइप करा.

पहिल्यांदा साइडकार बाजूला ठेवा आणि फक्त मुख्य कंटेनर चालतोय याची खात्री करा. डेटाबेस जोडता न आल्याची एरर देऊन तो पडेल. पडू द्या. कंटेनरची इमेज (तयार पॅकेज) ओढली जातेय, कोड सुरू होतोय एवढं त्यातून कळलं.

आता प्रॉक्सी. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, कारण त्याची जागा अंतर्ज्ञानाच्या उलट आहे. प्रॉक्सी 'कंटेनर्स'च्या यादीत लिहायचा नाही. तो 'इनिटकंटेनर्स'च्या यादीत लिहायचा आणि त्याच कंटेनरखाली 'रीस्टार्टपॉलिसी: ऑलवेज' ही ओळ घालायची. इनिट कंटेनर म्हणजे खरं तर आधी येऊन तयारी करून निघून जाणारे, मांडव घालणाऱ्यांसारखे. या एका ओळीने त्यातला एक जण राहायला येतो. तो सुरू झाला की कुबरनेटीस तो संपायची वाट न बघता पुढे सरकतं, मध्ये मेला तर उठवतं आणि मुख्य कंटेनर संपले की त्याला स्वतःहून बंद करतं. आमचा अडकलेला जॉब या शेवटच्या गोष्टीने सुटला.

यादी अशी विचित्र का, याला इतिहास आहे. साइडकार हे नाव कुबरनेटीसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ब्रेंडन बर्न्स यांनी जून २०१५ च्या लेखात रूढ केलं. २०१६ मध्ये डेव्हिड ओपनहायमर यांच्यासोबतच्या शोधनिबंधात ही रचना आणखी नीट मांडली गेली. कल्पना तेव्हापासून सगळे वापरत होते, पण खुद्द कुबरनेटीसला मुख्य कोण आणि मदतनीस कोण हे ओळखता येत नव्हतं. त्याच्यासाठी यादीतले सगळे सारखेच. ती ओळख आली ऑगस्ट २०२३ मधल्या १.२८ आवृत्तीत, तीही बंद स्थितीत. डिसेंबर २०२३ च्या १.२९ पासून ती आपोआप चालू असते आणि एप्रिल २०२५ च्या १.३३ मध्ये ती स्थिर म्हणून जाहीर झाली. त्याआधीचे लेख वाचून काही केलंत तर प्रॉक्सी साध्या यादीत जाईल आणि तुमचा जॉबही आमच्यासारखाच अडकून बसेल.

दोन गोष्टी नीट बघा. जॉबच्या पॉडला स्वतःची वेगळी रीस्टार्टपॉलिसी असते आणि ती 'नेव्हर' किंवा 'ऑनफेल्युअर' असावीच लागते. 'ऑलवेज' ही ओळ तिच्या जागी नाही, प्रॉक्सी कंटेनरच्या आत, त्याच्या नाव आणि इमेजच्या रांगेत हवी. दुसरं, ती ओळ विसरलात तर प्रॉक्सी हा साधा इनिट कंटेनर ठरतो. साध्या इनिट कंटेनरने काम संपवून जायचं असतं, प्रॉक्सी कधीच जात नाही, म्हणून पॉड 'इनिट:०/२' वर तासन्‌तास उभा राहतो. हे दिसलं की आधी ती ओळ शोधा.

०/२ मधला दुसरा इनिट कंटेनर कोणता? तो आता घालू: व्यवहारांची दिवसअखेर झाली आहे का, हे डेटाबेसमध्ये बघणारी छोटी स्क्रिप्ट. ती यादीत प्रॉक्सीच्या खाली लिहा. इनिट कंटेनर वरून खाली एकामागून एक सुरू होतात, त्यामुळे स्क्रिप्ट चालेल तेव्हा प्रॉक्सी आधीच उभा असेल. जुन्या पद्धतीत हे शक्यच नव्हतं, कारण तिथे सगळे इनिट संपल्यावरच प्रॉक्सी सुरू व्हायचा.

'सुरू झाला' आणि 'तयार झाला' यात फरक आहे

प्रॉक्सीची प्रोसेस सुरू होणं आणि त्याने जोडणी स्वीकारायला तयार होणं यांत एक-दोन सेकंद जाऊ शकतात. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर कुबरनेटीस प्रोसेस सुरू झाल्या क्षणी पुढच्याला हाक मारतं. मग पहिली जोडणी नाकारली जाते आणि जॉब कधी चालतो, कधी पडतो. पाच वेळा करून बघितलं तर चार वेळा चालेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. म्हणून साइडकारला स्टार्टअप प्रोब, म्हणजे 'तयार झालास का' असं विचारणारी तपासणी, द्यायलाच हवा. तो यशस्वी होईपर्यंत पुढचा कंटेनर सुरू होत नाही.

या प्रॉक्सीत 'हेल्थ-चेक' हा पर्याय चालू केला की ९०९० पोर्टवर 'स्टार्टअप' नावाचा पत्ता मिळतो. प्रोब तिथे लावा. आणि मग प्रोब नापासच होत राहील, प्रॉक्सीच्या लॉगमध्ये मात्र सगळं आलबेल दिसेल. कारण असं: आरोग्य सांगणारा तो सर्व्हर मुळात लोकलहोस्टवरच ऐकतो. प्रोब करणारं क्युबलेट (कुबरनेटीसचा एजंट) पॉडच्या बाहेर, नोडवर असतं आणि ते पॉडच्या पत्त्यावर हाक मारतं. त्याची हाक आत पोचतच नाही. 'एचटीटीपी-ॲड्रेस' हा पर्याय ०.०.०.० करा, लगेच चालेल. डेटाबेसचं ५४३२ पोर्ट मात्र लोकलहोस्टवरच राहू द्या. ते पॉडबाहेर उघडं ठेवायचं काही कारण नाही.

प्रोबची वारंवारता मुळात १० सेकंद आणि नापासची मर्यादा ३ असते. पहिली हाक एका क्षणाने हुकली तर पुढची थेट दहा सेकंदांनी. साइडकारसाठी वारंवारता १ सेकंद आणि मर्यादा २० ठेवतो मी.

रेडिनेस प्रोब मात्र विचार करून लावा. साइडकार रेडी नसेल तर अख्खा पॉड रेडी धरला जात नाही आणि वेब ॲप असेल तर त्याच्याकडे ग्राहकांची रहदारी येणं थांबतं. डेटाबेस प्रॉक्सीसाठी हे योग्यच आहे, त्याच्यावाचून ॲप काय उत्तर देणार? पण लॉग पाठवणारा साइडकार पलीकडचा सर्व्हर बंद आहे म्हणून 'मी तयार नाही' म्हणू लागला, तर लॉगपायी दुकान बंद पडेल.

बंद होताना

पॉड बंद करायचा ठरला की मुख्य कंटेनरला सिगटर्म हा 'आवरून बंद हो' सांगणारा सिग्नल जातो. तो पूर्ण थांबेपर्यंत साइडकारना हात लागत नाही. नंतर ते उलट्या क्रमाने बंद होतात: यादीत शेवटी लिहिलेला आधी, पहिला लिहिलेला शेवटी. म्हणून प्रॉक्सी पहिला लिहायचा.

पण या सगळ्यांना मिळून वेळ एकच असतो. त्या ग्रेस पीरियडची मूळ मुदत ३० सेकंद आहे आणि ती प्रत्येकाला वेगळी मिळत नाही. मुख्य ॲपने हातातल्या विनंत्या पुऱ्या करायला २८ सेकंद घेतले तर उरलेला लॉग पाठवायला साइडकारच्या वाट्याला दोनच येतात. मग सिगकिल, म्हणजे सक्तीने बंद, आणि ज्या ओळींसाठी साइडकार ठेवला होता त्या शेवटच्या ओळीच हरवतात. दोन्ही वेळांची बेरीज करून वर थोडी शिल्लक ठेवा. ६० सेकंद बहुतेकांना पुरतात.

आणखी एक तपासा. ॲप शेलमधून सुरू होत असेल, तर सिगटर्म शेलला मिळतो आणि ॲपपर्यंत पोचत नाही. ॲप पूर्ण मुदत खाऊन मग मारलं जातं, एक्झिट कोड १३७ दिसतो. हा आकडा म्हणजे १२८ अधिक सिगकिलचा क्रमांक ९. दर डिप्लॉयला पॉड बरोबर ३० सेकंद रेंगाळत असेल तर हेच झालंय. शेल स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ॲपच्या आधी 'एक्झेक' लिहिलं की शेलची जागा ॲपच घेतं आणि सिग्नल थेट त्याला मिळतो.

क्लस्टर १.२९ पेक्षा जुनं असेल आणि बदलणं तुमच्या हातात नसेल, तर प्रॉक्सी साध्या यादीत ठेवून मुख्य स्क्रिप्टच्या शेवटी त्याला बंद व्हायला सांगावं लागतं. या प्रॉक्सीत त्यासाठी 'क्विटक्विटक्विट' हा पर्याय आहे. तो चालू करून ९०९१ पोर्टवर त्याच नावाच्या पत्त्याला पोस्ट विनंती करायची. ती विनंती शेलच्या ट्रॅपमध्ये (स्क्रिप्ट संपताना चालणाऱ्या भागात) लिहा, म्हणजे स्क्रिप्ट अर्ध्यात पडली तरी जाईल.

मेमरी आणि सीपीयू

साइडकारलाही रिक्वेस्ट (राखून ठेवायचा वाटा) आणि लिमिट (कमाल मर्यादा) लिहा. जागेचा हिशोब असा होतो: अहवालाला ५१२ एमबी, प्रॉक्सीला ६४, तपासणीच्या स्क्रिप्टला १२८. स्क्रिप्ट चालताना प्रॉक्सीही चालू असतो, म्हणजे १९२. पुढे अहवाल आणि प्रॉक्सी मिळून ५७६. यातला मोठा आकडा धरला जातो, ५७६. कोणी स्क्रिप्टला सहज म्हणून १,०२४ दिले तर पॉडला १,०८८ एमबी मोकळे असलेला नोड शोधावा लागेल, तेही मिनिटभराच्या कामासाठी.

वेब ॲपवर ऑटोस्केलिंग, म्हणजे ताण वाढला की आपोआप पॉड वाढवणं, असेल तर आणखी एक खड्डा आहे. ॲपची सीपीयू रिक्वेस्ट ५०० मिलिकोर (अर्धा कोर) आणि वापर ४५०, म्हणजे ९० टक्के. ॲपला धाप लागलीय. शेजारी साइडकारला उगाच ५०० दिलेत, तो वापरतोय ५०. ऑटोस्केलर पॉडची बेरीज बघतो: १,००० पैकी ५००, म्हणजे ५० टक्के. तुमची सीमा ७० ची, म्हणून तो नवा पॉड आणत नाही. साइडकारची रिक्वेस्ट त्याच्या खऱ्या वापराइतकी ठेवा, किंवा फक्त ॲप कंटेनरचा वापर मोजणारं 'कंटेनररिसोर्स' हे माप वापरा. १.३० आवृत्तीपासून ते स्थिर आहे.

कुबरनेटीस वापरत नसाल तर

क्रमाचा प्रश्न तिथेही हाच, शब्द वेगळे. ॲमेझॉनच्या ईसीएस या कंटेनर चालवणाऱ्या सेवेत एका टास्कमध्ये अनेक कंटेनर ठेवता येतात. 'डिपेंड्सऑन'मध्ये 'हेल्दी' ही अट घातली की ॲप प्रॉक्सीसाठी थांबतं. नुसतं 'स्टार्ट' घातलं तर वरचीच 'सुरू पण तयार नाही' ही अडचण येते. 'इसेन्शियल' खरं असलेला कंटेनर पडला की सगळा टास्क थांबतो, म्हणून लॉगच्या मदतनीसाला ते खरं ठेवायचं का हे शांतपणे ठरवा. गूगल क्लाउड रनमध्ये बाहेरची रहदारी एकाच कंटेनरकडे येते आणि बाकीचे साइडकार असतात. तिथे सीपीयू फक्त विनंती चालू असतानाच मिळेल असं सेटिंग असेल, तर दोन विनंत्यांच्या मधल्या वेळेत पार्श्वभूमीला काम करणारा साइडकार गोठल्यासारखा होतो. असा साइडकार असेल तर सीपीयू कायम मिळेल असं सेटिंग निवडा.

तपासून बघा

क्रॉनजॉबसाठी रात्रीची वाट बघू नका. कुबसीटीएल या कुबरनेटीसच्या कमांडने 'क्रिएट जॉब' करताना 'फ्रॉम'मध्ये क्रॉनजॉबचं नाव दिलं की तो आत्ता चालवता येतो. चालू असताना लॉग बघायला कंटेनरचं नाव द्या, नाहीतर फक्त मुख्य ॲपचा लॉग दिसेल. प्रॉक्सीच्या आत शिरायला जाल तर शेल सापडणार नाही. त्याच्या नेहमीच्या इमेजमध्ये तो नसतोच. 'कुबसीटीएल डीबग' वापरून शेजारी तात्पुरता कंटेनर उभा करा आणि तिथून ५४३२ ला जोडून बघा.

मग मुद्दाम मोडा. प्रोबचा पोर्ट चुकीचा टाका आणि पॉड कुठल्या अवस्थेत अडकतो ते डोळ्यांनी बघून ठेवा. प्रॉक्सीची मेमरी लिमिट फार कमी करा आणि रीस्टार्टचा आकडा वाढताना बघा. अहवाल मध्येच पाडा आणि प्रॉक्सी मागे रेंगाळतो का ते तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि खऱ्या गडबडीच्या रात्री ही चित्रं ओळखीची असतात.

सगळं पूर्ववत करून जॉब शेवटचा एकदा चालवा आणि पॉडच्या यादीवर नजर ठेवा. आधी इनिट, मग २/२ रनिंग. अहवालाचा मेल येईल. त्यानंतर काही सेकंदांत त्याच ओळीत ०/२ आणि 'कम्प्लीटेड' दिसलं, की क्रॉनजॉबची वेळ रात्री दोनची लावून द्या.